इतर नावाचा कप्पा

प्रबंध हातात आला की मी तो मागून उघडतो. पुढच्या तीनशे पानांचं काय ते परीक्षक बघतील. माझी झोप उडवणारी पानं संदर्भसूचीची असतात.

इतिहासाच्या एका प्रबंधाची सूची मी पहिल्यांदा लावली ती २००२ मध्ये, पेजमेकरवर, हाताने. पुस्तकाचं नाव ठळक, लेखाचं एकेरी अवतरणात, नियतकालिकाचं पुन्हा ठळक. सगळं झाल्यावर मार्गदर्शक बाईंचा निरोप आला: वर्ष कंसात हवं, आणि लेखकाच्या नावाला लागून. तीनेकशे नोंदी होत्या. तीनशे वेळा कर्सर नेला, वर्ष कापलं, पुढे आणून चिकटवलं. पहाटे चार वाजता लक्षात आलं की संपादित ग्रंथांत वर्ष 'संपा.'च्या आधी घ्यायचं की नंतर, हे विचारायचंच राहिलं.

या त्रासावरचा उतारा तोवर सतरा वर्षांचा झाला होता, फक्त माझ्या कानावर आला नव्हता. डोनाल्ड क्नुथ यांनी स्टॅनफर्डमध्ये १९७७-७८ च्या सुमारास टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक रचलं, आणि १९८५ मध्ये स्टॅनफर्डमध्येच शिकणाऱ्या ओरेन पटाश्निक यांनी लाटेकच्या जोडीला बिबटेक दिलं. कल्पना साधी. नोंद एकदाच लिहायची, लेखक, शीर्षक, वर्ष असे रकाने पाडून. ती छापताना कशी दिसेल हे दुसरीच फाइल सांगणार. वर्ष पुढे हवं? त्या फाइलीत एकदा सांगा, तीनशे नोंदी आपापल्या सरकतील.

मात्र प्रत्येक नोंदीवर ती कसली आहे याचा शिक्का मारावा लागे. बिबटेककडे असे चौदा शिक्के होते, त्यातले दोन एकाच गोष्टीची दोन नावं. बरेचसे कार्नेगी मेलनच्या ब्रायन रीड यांच्या स्क्राइब या आधीच्या प्रणालीतून आलेले. यादी वाचली की ती कुणाच्या टेबलावर तयार झाली ते कळतं: परिषदेतला निबंध, परिषदेचा अहवालग्रंथ, तांत्रिक अहवाल, यंत्राची मार्गदर्शिका. पत्र नाही, मुलाखत नाही, वर्तमानपत्र नाही, कायदा नाही, न्यायालयाचा निकाल नाही. उरलेल्या जगासाठी एक कप्पा होता, 'मिस्क'. आपल्या भाषेत 'इतर'.

त्या चौदांतही मानपान होतेच. 'प्लेन' या मूळ शैलीत पीएच.डी.च्या प्रबंधाचं नाव पुस्तकासारखं तिरकं छापलं जाई आणि मास्टर्सच्या प्रबंधाचं लेखासारखं सरळ. एकाला ग्रंथाचा मान, दुसरा पाहुण्यांच्या पंगतीबाहेर.

ते बदलायचं तर शैलीच्या फाइलीत हात घालावा लागे, आणि तिथे भेटे बिबटेकची स्वतःची भाषा. तिच्यात आधी वस्तू मांडायच्या आणि काय करायचं ते शेवटी सांगायचं. आधी कर्म, मग क्रियापद, अगदी आपल्या वाक्यासारखं. मराठी माणसाला ती सोपी जायला हवी होती. मला तरी गेली नाही. एका स्वल्पविरामासाठी मी त्या फाइलीत दोन दिवस काढले आहेत आणि शेवटी स्वल्पविराम दोन आले. पॅट्रिक डॅली यांचं मेकबीएसटी त्यातल्या त्यात दयाळू. ते खानेसुमारीला आलेल्या मास्तरांसारखं एकेक प्रश्न विचारी: नावं पूर्ण की आद्याक्षरं? वर्ष कंसात? अंकाचा क्रमांक ठळक? उत्तरं देत गेलात की शेवटी शैली तयार. प्रश्नांच्या त्या लांबलचक रांगेत तुमच्या साधनाचा प्रश्न आला नाही, तर पुन्हा 'इतर'.

२००६ मध्ये फिलिप लेमन यांचं बिबलाटेक आलं आणि गाठ सुटली. आता शैली लाटेकच्याच आज्ञांत लिहायची, आणि प्रकारवार. लेखाचं शीर्षक असं, पुस्तकाचं तसं, अहवालाचं तिसरंच. एकाला हात लावला तर दुसरा हलत नाही. दोन्ही प्रबंध एकाच शिक्क्याखाली आले आणि मूळ शैलीत दोघांनाही अवतरणचिन्हं मिळाली. पंगत एक झाली म्हणायची. लेखाच्या नोंदीत नियतकालिकाच्या आधी येणारा 'इन:' हा शब्द मात्र अनेकांना खुपला. तो फक्त लेखातून काढायचा आणि संपादित ग्रंथातल्या प्रकरणात ठेवायचा, ही बिबलाटेक शिकणाऱ्याची बाराखडी. मीही तिथूनच सुरुवात केली. पुढे लेमन बाजूला झाले आणि फिलिप काइम, ऑड्री बोरुव्का, जोसेफ राइट यांनी काम हाती घेतलं. काइम आणि फ्रान्स्वा शारेट यांच्या बायबरने क्रम लावण्याचं काम जुन्या बिबटेककडून घेतलं. बायबरला युनिकोड कळतं, म्हणून माझ्यासारख्याला त्याचं महत्त्व जास्त.

जुनं बिबटेक अक्षरं मोजायचं नाही, बाइट मोजायचं. युनिकोडच्या रूढ साठवणीत 'त'ला तीन बाइट लागतात. नावाचं आद्याक्षर मागितलं की ते पहिला बाइट तोडून द्यायचं आणि कागदावर चौकोन उमटायचा. अक्षरं ओळखणाऱ्या यंत्राचाही घोळ संपत नाही. इतिहासकार शेजवलकरांचं नाव त्र्यंबक शंकर. मराठीत आपण 'त्र्यं. शं.' लिहितो, यंत्राला पहिलं अक्षर घे म्हटलं की ते 'त' उचलतं. 'त. श. शेजवलकर' हा गृहस्थ महाराष्ट्रात कधी झाला नाही. सुदैवाने बिबलाटेकमध्ये आद्याक्षराचा वेगळा रकाना भरता येतो. मी तो हाताने भरतो. क्रमाचंही तसंच. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलेला, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. श्री. के. क्षीरसागर क मध्ये शोधायचे की शेवटी, यावर ग्रंथपालांशी वाद घालून मी हरलो आहे. ते म्हणाले शेवटी, तर शेवटी.

तिरक्या अक्षरांचा प्रश्न त्याहून जुना. इंग्रजी शैली पुस्तकाला तिरकं करतात. देवनागरीला ती चाल मूळची नाही. यंत्राने ओढून तिरकी केलेली अक्षरं वाऱ्यात कलंडलेल्या मांडवासारखी दिसतात. म्हणून माझ्या शैलीत पुस्तक ठळक, लेख अवतरणात आणि तिरकं काहीच नाही.

खरी कसोटी साधनांची लागली. बिबलाटेकमध्ये पत्रासाठी शिक्का आहे हे पाहून मला आनंद झाला होता. मग कळलं की मूळ शैली त्याला 'इतर'सारखंच छापतात. मराठ्यांच्या इतिहासात पत्र हेच तर मुख्य साधन. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. तेव्हापासून अभ्यासक खंड आणि लेखांक सांगत आले आहेत, पृष्ठ दुय्यम. मी पत्राचा साचा नव्याने लिहिला: कोणी, कोणाला, मिती, मग संग्रह, खंड, लेखांक. मितीवर अडलो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं शाळेत शिकलो होतो, आणि तेच यंत्राला शिकवलं. पानिपतची मिती पौष शुद्ध ८, शके १६८२. यंत्राने १७६० छापलं. लढाई १४ जानेवारी १७६१ ची! जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे असतात. आता शक वेगळ्या रकान्यात आणि इसवी सन अभ्यासकाने स्वतः भरायचा.

दिवाळी अंक मात्र अलगद बसला. इंग्रजी त्रैमासिकांना क्रमांकाऐवजी ऋतूचं नाव असतं, त्यासाठी बिबलाटेकने 'इश्यू' नावाचा रकाना ठेवला आहे. तारखेच्या रकान्यात चार ऋतू सांकेतिक आकड्यांनी लिहिता येतात, दिवाळी त्यात नाही. पण 'इश्यू'मध्ये 'दिवाळी' लिहिलं की काम झालं. ज्यांनी तो रकाना केला त्यांना 'मनोरंजन'चा १९०९ चा अंक ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी त्याची जागा तयार होती. बिबलाटेकच्या भाषांच्या यादीत आता मराठीही आहे, 'संपा.' आणि 'पृ.'साठी दरवेळी झगडावं लागत नाही.

एमएलए या इंग्रजी संदर्भपद्धतीच्या कर्त्यांनी आपल्या नियमपुस्तिकेच्या २०१६ च्या आठव्या आवृत्तीत प्रकारवार नियमांचा पसाराच आवरला. कृती कशात सामावली आहे ते सांगा, ते दुसऱ्या कशात असेल तर तेही सांगा, असा एकच साचा. मला आधी तो आळस वाटला. मग पेशवे दप्तरातलं एक पत्र घेऊन पाहिलं. पत्र छापील खंडात, मूळ कागद रुमालात, रुमाल पुण्याच्या दप्तरात. सरळ बसलं. पत्रापुरतं मी त्यांचं ऐकतो. पण सगळ्यांना एकच साचा लावला की सूचीवर नुसती नजर फिरवून हे पुस्तक, हा कागद असं ओळखता येत नाही, आणि मला तर सूची तशीच वाचायची सवय.

गेल्या वर्षी जात्यावरच्या ओव्यांतल्या इतिहासाच्या खुणांवरचा प्रबंध आला. अभ्यासक मुलीने ओव्या स्वतः ध्वनिमुद्रित केल्या होत्या. नोंदीत तिने लेखकाच्या रकान्यात स्वतःचं नाव ठेवलं नव्हतं, ओवी म्हणणाऱ्या बाईंचं ठेवलं होतं. संकलक म्हणून ती नंतर, गाव आणि तारीख त्यापुढे. असा साचा माझ्याकडे नव्हता. बिबलाटेकने घरच्या वापरासाठी सहा कोरे शिक्के ठेवले आहेत, त्यातला एक घेतला. दीड तासाचं काम. प्रबंध तपासायला गेला तिथून शेरा आला: एका नोंदीत आडनाव नाही, अपूर्ण. बाईंनी आडनाव सांगितलंच नव्हतं. यंत्राची तक्रार नव्हती. एकच नाव असलं की ते त्यालाच आडनाव धरतं आणि स्वल्पविराम न देता पुढे जातं. मुलीने शेऱ्याखाली दोन ओळींचं उत्तर लिहिलं आणि नोंद तशीच ठेवली. बाईंचं नाव 'सो'वरून सुरू होतं. छापील सूचीत त्या गो. स. सरदेसाई आणि र. वि. हेरवाडकर यांच्या मध्ये आहेत.