'ऑन' म्हणजे नुसतं 'वर' नव्हे

'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर, 'अंडर' म्हणजे खाली. हे पाठांतर टेबलावरच्या पुस्तकापुरतं ठीक चालतं. अडतं ते डोक्यावरच्या पंख्यापाशी. 'द फॅन इज ऑन माय हेड' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल, पंखा निखळून डोक्यात पडला!

'ऑन'ला उंचीशी फारसं कर्तव्य नाही. त्याला हवा असतो स्पर्श, टेकू. मध्ये मोकळी जागा असेल तर 'ओव्हर' किंवा 'अबव्ह'. उलट छताला खालून चिकटलेली पाल खुशाल 'ऑन द सीलिंग' असते. आपला 'वर' स्पर्श आणि उंची ही दोन्ही कामं एकटाच करतो, त्यामुळे हा घोटाळा.

मराठीत 'वर' नाही म्हणून इंग्रजीत 'ऑन' येणार नाही, हाही भ्रमच. अंगठी बोटात, बूट पायात, आंबे झाडाला. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'ऑन'. पण त्याच झाडावरचा पोपट मात्र 'इन द ट्री', कारण तो फांद्या-पानांच्या आत बसलेला. आंबा आणि पोपट यांची ही जोडी मुलांना शिकवावी. व्याख्या आपोआप कळते.

'ऑन द बस' म्हणजे बसच्या टपावर, असंही काहींना वाटतं. तसं नाही. ज्या वाहनात उठून चालता येतं, त्याला साधारणपणे 'ऑन': बस, रेल्वे, जहाज, विमान. कार, टॅक्सी, रिक्षा यांना 'इन'. सायकल नि घोडा अर्थातच 'ऑन'. टपावरच बसायचं असेल, तर 'ऑन टॉप ऑफ द बस' म्हणावं. लंडन 'ऑन द थेम्स' आहे ते मात्र समजावून सांगावं लागत नाही. आपलं नाशिकही गोदावरीवरच वसलंय.

'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' एकच समजू नयेत. 7:10ची लोकल 7:10ला सुटली, तर ती 'ऑन टाइम'. ती सुटायच्या आत आपण फलाटावर पोचलो, तर आपण 'इन टाइम'.

वारांना 'ऑन' लागतो, पण 'नेक्स्ट मंडे', 'लास्ट संडे' म्हणताना तो गाळतात. 'वीकेंड'पाशी ब्रिटिश लोक 'ॲट' म्हणतात, अमेरिकन 'ऑन'. दोन्ही बरोबर. परीक्षेत मात्र आपल्या पाठ्यपुस्तकाला धरून चालावं.