फेरफाराची वही

सोलापूर जिल्ह्यांतील आपणांपैकीं अनेकांच्या घरीं सातबाराचा उतारा जपून ठेवलेला असेल. त्यावर खातेदाराच्या नांवाजवळ एक लहानसा आंकडा असतो. तो कशाचा, हें फार थोडे जण विचारतात. वस्तुतः तो आंकडा त्या जमिनीच्या इतिहासाची किल्ली होय.

आज जमीन कोणाच्या नांवावर आहे, हें सातबारा सांगतो. तें नांव तेथें कसें आलें, हें गांव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही, सांगते. मुंबई इलाख्यांत 1903 च्या कायद्यानें हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. आज ती 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें चालते.

खरेदी, वांटणी किंवा वारसा झाला, कीं तलाठी ती हकीकत या वहींत अनुक्रमांक घालून लिहितो. तिची प्रत चावडीवर लावतात व संबंधितांस नोटीस देतात. हरकत आल्यास चौकशी होते. मग वरिष्ठ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तिचा क्रमांक सातबारावर चढतो. जुनें नांव मात्र खोडून नाहींसें करीत नाहींत. त्यास कंस करितात.

हा नियम क्षुल्लक वाटेल. परंतु समजा, बाप वारल्यावर भावांनीं वारसांत बहिणीचें नांव सांगितलेंच नाहीं. वीस वर्षांनीं तिनें सातबारा पाहिला, तर तिचा मागमूसही नाहीं. पण आंकड्यावरून मूळ फेरफार काढतांच वर्दी कोणीं दिली, कोणते वारस सांगितले, नोंद केव्हां व कोणीं मंजूर केली, हें सारें समोर येतें. जुनी नोंद पुसली असती, तर दाद मागण्यास तिच्या हातीं काय उरलें असतें?

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नोंद म्हणजे मालकी नव्हे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत कायदा तिला खरी मानतो, इतकेंच.

आतां हें दफ्तर संगणकांत गेलें आहे; तथापि तत्त्व तेंच. पूर्वीं काय होतें, बदल काय झाला, केव्हां झाला व कोणीं केला, या चार प्रश्नांचीं उत्तरें ज्या दफ्तरांत मिळतात, तेंच विश्वासास पात्र होय.

सुटींत गांवीं जाल, तेव्हां वडिलांजवळ सातबारा मागा, त्यावरील आंकडे वाचा आणि त्यांचे फेरफार मिळवून पाहा. चावडीवर नोटीस दिसल्यास तीही वाचा. वेळेवर घेतलेली एक हरकत पुढील अनेक वर्षांचा कज्जा वांचवूं शकते.