सरकारी पडद्यावरची हार

दूरदर्शनच्या जुन्या निवडणूक निकालांच्या चित्रफिती इंटरनेटवर तुकड्या-तुकड्यांनी सापडतात. आजच्या डोळ्यांना त्यात आधी जाणवतो तो निवांतपणा. पडद्याच्या तळाशी धावणारी पट्टी नाही, आठ चौकटींत आठ जण एकाच वेळी ओरडत नाहीत. १९८४च्या डिसेंबरमधल्या निकालांना प्रणय रॉय इंग्रजीत आकडे उलगडतात आणि विनोद दुआ तेच लगेच हिंदीत सांगतात, तेही सरळ अनुवाद न करता, मध्येच एखादी कोपरखळी मारून. माझ्या मते अर्धी रंगत दुआंचीच.

संथपणामागे कारण होतं. मतदान कागदी मतपत्रिकांवर व्हायचं. पेट्या उघडायच्या, मतपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे, कोणत्या गावानं कुणाला मतं दिली हे कळू नये म्हणून निरनिराळ्या केंद्रांचे गठ्ठे एकत्र मिसळायचे, मग उमेदवारवार वाटणी आणि फेऱ्या. शिक्का दोन चिन्हांच्या मधे पडला असेल तर प्रतिनिधींची हुज्जत वेगळी. देशाचं चित्र स्पष्ट व्हायला दोन-दोन दिवस लागत. मधला वेळ भरायला दूरदर्शन हिंदी सिनेमे लावी. त्यामुळे निकालाची बातमी नाही पटली तरी लोक टीव्हीसमोरून हलत नसत!

सिनेमा संपला की पडद्यावर गणिताचा तास सुरू होई. रॉय मूळचे अर्थशास्त्राचे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या निकालरात्रींना वर्षानुवर्षं मतांचा झोका, म्हणजे मतं एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किती सरकली ते, समजावून सांगणारे डेव्हिड बटलर आणि अशोक लाहिरी यांच्याबरोबर त्यांनी भारतीय निवडणुकांच्या आकडेवारीचा ग्रंथ केला होता. पण आपल्याकडे नुसता झोका मोजून भागत नाही, विरोधक किती एकत्र आहेत तेही मोजावं लागतं, म्हणून विरोधी ऐक्याचा निर्देशांक आला. १९८४ला काँग्रेसला सुमारे ४९ टक्के मतं आणि ४०४ जागा मिळाल्या. भाजपला पावणेआठ टक्के मतं, जागा मात्र २. तेलुगू देसमला त्याहून कमी मतं आणि जागा ३०. हे कोडं टीव्हीनं पहिल्यांदा घराघरात सोडवून दाखवलं.

काँग्रेसच्या त्या लाटेतही आपल्याकडचे काही निकाल वेगळे होते. राजापुरातून मधु दंडवते टिकले, दक्षिण-मध्य मुंबईतून गिरणी संपाचे दत्ता सामंत अपक्ष निवडून आले. पी. व्ही. नरसिंह राव हनमकोंड्यात भाजपकडून हरले आणि रामटेकनं त्यांना लोकसभेत पाठवलं.

मात्र मला पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो १९८९चा नोव्हेंबर. तोवर दूरदर्शनला लोक पंतप्रधान राजीव गांधींच्या नावावरून ‘राजीव दर्शन’ म्हणू लागले होते. एरवी तिथल्या बातम्यांत मंत्री फीत कापत, भाषण करत. सरकारवर टीका औषधालाही नसे. त्याच पडद्यावर काँग्रेसचा आकडा ४०४वरून १९७वर आलेला दिसला. मतं सुमारे साडेनऊ टक्क्यांनीच घटली होती, पण जागा निम्म्याहून कमी, कारण बऱ्याच ठिकाणी समोर एकच विरोधी उमेदवार होता. हाजीपुरात रामविलास पासवान पाच लाखांवर मताधिक्यानं निवडून आले. सत्ताधाऱ्यांची पीछेहाट सरकारी वाहिनीवर, सरकारी खर्चानं, तासन्‌तास! हे धाडस वाहिनीचं होतं असं मी म्हणणार नाही. आकडे निवडणूक आयोगाचे होते, त्यांना कात्री लावणं शक्य नव्हतं, एवढंच. तरीही सत्ता हरते, तो क्षण पाहणाऱ्याला जी मोकळीक मिळाली ती पुढच्या खासगी वाहिन्यांच्या गदारोळात हरवली.

१९९१, १९९६ आणि १९९८ भराभर पुढे ढकलावेत. खासगी वाहिन्या आल्या, स्टुडिओ चकचकीत झाले, विश्लेषक वाढले. २००४ला मात्र थांबावं लागतं. सगळ्या मतदारसंघांत मतदानयंत्रं आलेली. १३ मेला मतमोजणी सुरू झाली आणि मतदानोत्तर चाचण्यांनी पुढे ठेवलेलं सरकार दुपारपर्यंत गेलेलं. उत्तर मुंबईत गोविंदानं राम नाईकांना पाडलं, लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी एकनाथ गायकवाडांकडून हरले. संध्याकाळी वाजपेयींनी राजीनामा दिला. निकाल लागून गेला होता, वाहिन्यांचा वेळ मात्र उरला होता. तो भरायला आता सिनेमा नव्हता. मग त्याच विश्लेषकांनी, सकाळच्याच खुर्च्यांवर बसून, आपल्याला हे आधीच कसं दिसत होतं ते रात्रीपर्यंत सांगितलं.