गौण सपाट पात्रे, लघुकथेतील

लघुकथेतील मुख्य अनुभवाला पूरक म्हणून येणारी आणि एखाद्याच ठळक गुणाने, लकबीने वा व्यवसायाने ओळखली जाणारी पात्रे. इंग्रज कादंबरीकार एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर (१८७९–१९७०) याने १९२७ साली कादंबरीविषयक आपल्या व्याख्यानांत पात्रांचे सपाट व भरीव असे दोन वर्ग केले. वाचकाला पटेल अशा रीतीने जे पात्र चकित करू शकते ते भरीव आणि जे कधीच चकित करीत नाही ते सपाट, अशी त्याची कसोटी होती. सपाटपणा हा दोषच होय, असे मात्र त्याचे म्हणणे नव्हते.

हा विचार कादंबरीच्या संदर्भात मांडला गेला असला, तरी लघुकथेला तो अधिकच लागू पडतो. थोड्या पृष्ठांत एकच अनुभव एकाग्रतेने मांडावयाचा असल्याने सर्वच पात्रांची अंतरंगे उलगडणे तीत शक्य नसते व इष्टही नसते. गौण पात्र भरीव होऊ लागले, की वाचकाचे लक्ष विभागते आणि कथेचा तोल ढळतो.

तत्काळ ओळखू येणाऱ्या पात्रांची परंपरा मराठी भाषकांना लोकनाट्यातून पूर्वापार परिचित आहे. तमाशातील सोंगाड्या व मावशी ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. भंडारा जिल्ह्यातील सानगडी हे गाव ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथील दंडार व खडी गंमत या प्रकारांतही वेश व पहिले बोलणे यांवरून सोंग ओळखले जाते. प्रेक्षकाला परिचय करून द्यावा लागत नसल्याने प्रसंग लगेच रंगू लागतो. विनोदी कथेने हेच तत्त्व उपयोगात आणले. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचा दणकट गुंड्याभाऊ भित्र्या चिमणरावाशेजारी उभा राहतो, तो त्याचे भित्रेपण मोजण्याचे माप म्हणून. द. मा. मिरासदार (१९२७–२०२१) यांच्या भोकरवाडीच्या कथांतील गणा मास्तर, बाबू पैलवान, नाना चेंगट यांची ओळख त्यांच्या नावांतच सामावलेली आहे. ही पात्रे कथेगणिक बदलत नाहीत. बदलतो तो प्रसंग, आणि त्यातूनच विनोद निर्माण होतो.

गंभीर कथेत सपाटपणाचे कार्य निराळे असते. रशियन कथाकार अंतॉन चेकॉव्ह (१८६०–१९०४) याच्या ‘तोस्का’ (१८८६) या कथेत मुलाच्या मृत्यूने खचलेला एक गाडीवान आपले दुःख कोणाला तरी सांगू पाहतो. गाडीत बसणारा लष्करी अधिकारी, थट्टामस्करी करणारे तीन तरुण, पेंगुळलेला दुसरा गाडीवान यांपैकी कोणीही ते ऐकून घेत नाही. अखेरीस तो ते आपल्या घोडीला सांगतो. यांतील एखाद्या प्रवाशाला सविस्तर मनोव्यापार दिला असता, तर कथेचा गाभाच नाहीसा झाला असता. कारण त्यांचे एकपदरी असणे हेच गाडीवानाच्या एकाकीपणाचे कारण आहे.

सपाट पात्र आणि साचेबंद पात्र यांत मात्र भेद करावयास हवा. पहिल्याची एकरेषा प्रत्यक्ष निरीक्षणातून आलेली असते. दुसऱ्याची प्रचलित समजुतीतून उसनी घेतलेली असते. कजाग सासू, लोभी सावकार, भाबडा गडी ही पात्रे वारंवार येऊ लागली, म्हणजे लेखनातील काटकसरीच्या नावाखाली समाजातील पूर्वग्रहच वाचकापर्यंत पोहोचतात. एखाद्या समाजगटातील माणसे कथेत नेहमी कडेलाच उभी राहत असतील, तर तो केवळ रचनेचा प्रश्न राहत नाही.

मराठी कथेने हा प्रश्न दोन मार्गांनी हाताळला. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांनी माणदेशी माणसं (१९४९) या संग्रहात रामोशी, मैलकुली यांसारख्या, एरवी कथेत दोन वाक्यांपुरत्या येणाऱ्या, व्यक्तींना मध्यभागी आणले. बाबुराव बागूल (१९३०–२००८) यांनी जेव्हा मी जात चोरली होती! (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत दृष्टीच पालटली. जात लपवून राहणारा दलित तरुण येथे स्वतः निवेदक आहे. त्याची जात उघड होताच भोवतालच्या माणसांच्या लेखी त्याचे बाकीचे सर्व गुण पुसले जातात व तो मारहाणीस पात्र ठरतो. माणसाला एकाच खुणेपुरते उरवणे ही कथालेखनातील सोय असली, तरी व्यवहारात ती क्रूरता ठरू शकते, याचा प्रत्यय ही कथा देते.

म्हणून गौण पात्राचे मूल्यमापन करताना ते सपाट आहे की नाही, एवढेच पाहणे पुरेसे नाही. त्याच्या सपाटपणामुळे मुख्य अनुभव अधिक स्पष्ट होतो काय आणि कथेबाहेर त्याचे स्वतंत्र आयुष्य असावे, असे वाचकाला वाटते काय, हे पाहावे लागते. समर्थ कथाकार अशा पात्राला एकच रेषा देतो; पण ती त्या माणसाची स्वतःची असते.