‘क-२’ म्हणजे ‘ढ’ नव्हे

दिवाळीच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, शेजारचे गृहस्थ मुलाचे प्रगतिपुस्तक हातात घेऊन आमच्याकडे आले. ते एका कचेरीत लिपिक आहेत. मुलगा तिसरीत शिकतो. गणितापुढे ‘ब-१’ होते, चित्रकलेपुढे ‘अ-२’. मराठीपुढे मात्र ‘क-२’ आणि त्याखाली एकच ओळ : ‘वाचनात अडखळतो. सराव आवश्यक.’ गृहस्थांचा स्वर रागाचा होता, पण त्या रागाच्या तळाशी भीती होती. “उद्यापासून रोज दोन पाने शुद्धलेखन, आणि सुटी संपली की शिकवणी,” असा निकाल त्यांनी दारातच देऊन टाकला. मुलगा त्यांच्यामागे उभा राहून सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करीत होता. पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात ‘ढ’ हा शब्द दोनदा येऊन गेला.

आपल्या भाषेने मंद मुलासाठी वर्णमालेतलेच एक अक्षर राखून ठेवले आहे, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. ज्या मुलाला अक्षरे वाचता येत नाहीत, त्याला हे एक अक्षर मात्र पक्के समजते. ते त्याच्या मनावर एकदा उमटले की पुसता पुसत नाही.

माझी पुष्कळ वर्षे शाळेत गेली. सहामाहीचे प्रगतिपुस्तक घरी गेल्यावर काय घडते, हे मला परिचयाचे आहे. वाचनाची श्रेणी खाली आली की घरोघर दोनच प्रकारचे प्रतिसाद उमटतात. काही घरांत संताप होतो, धाकट्या बहिणीशी तुलना होते, मोबाईल काढून घेतला जातो, एकच धडा दहा वेळा लिहून काढण्याची शिक्षा होते. इतर घरांत ‘लहान आहे अजून, मोठा झाला की येईल’ असे म्हणून पालक सही करून मोकळे होतात. दोन्ही घरांतील माणसांचे मुलावर प्रेम असते, यात शंका नाही. तथापि दोन्ही ठिकाणी एक गोष्ट करावयाची राहून जाते. मूल नेमके कोठे अडते आहे, हे कोणीही त्याच्या शेजारी बसून पाहत नाही.

ही श्रेणी येते कोठून, ते आधी पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावे असे म्हटले, आणि २०१० साली महाराष्ट्राने आकारिक व संकलित मूल्यमापनाची पद्धत स्वीकारली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा अनेक साधनांनी मूल पाहावे आणि त्याचे गुण श्रेणीत मांडावेत, असा तो विचार होता. विचार उत्तमच होता. पण या सगळ्यांची बेरीज होऊन जेव्हा एकच अक्षर उरते, तेव्हा त्या अक्षरामागचे मूल दिसेनासे होते. ‘क-२’ म्हणजे शंभरांपैकी ४१ ते ५० गुण, एवढेच ते अक्षर सांगते. का, हे सांगत नाही. ताप किती आहे ते तापमापक दाखवितो. तो कशाने आला हे वैद्यालाच शोधावे लागते. तापमापकावर रागावून ताप उतरल्याचे अद्याप कोणी ऐकलेले नाही.

एकाच ‘क-२’ मागे किती निरनिराळी मुले उभी असतात! एकाला अजून काही मूळाक्षरेच ओळखता येत नसतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत त्याचा गोंधळ होतो. दुसऱ्याला अक्षरे येतात, पण काना-मात्रा-वेलांटीशी गाठ पडली की गाडी थांबते. तिसरा सगळे घडाघडा वाचतो, आणि वाचून झाल्यावर ‘काय वाचलेस?’ असे विचारले की गप्प होतो. चौथ्याच्या घरी गोंडी, कोरकू, वारली किंवा बंजारा बोली बोलली जाते, किंवा आईबाप रोजगारासाठी परप्रांतातून आलेले असतात. पुस्तकातील मराठी ही त्याला परकी भाषा असते. पाचव्याला मागच्या बाकावरून फळ्यावरचे दिसत नसते आणि हे त्याने कोणाला सांगितलेले नसते. सहावा एकान्तात बरा वाचतो, पण वर्गात उभे केले की हसण्याच्या भयाने त्याची जीभ अडखळते. या सहाही मुलांना एकच औषध, ते म्हणजे ‘सराव’, लिहून देणे योग्य होईल काय? चष्मा लागणाऱ्या मुलाने शंभर पाने शुद्धलेखन केले म्हणून त्याची दृष्टी सुधारणार नाही.

वाचन ही बोलण्यासारखी आपोआप येणारी गोष्ट आहे, असा आपला एक समज असतो. आपण स्वतः वाचायला कसे शिकलो, हे आपल्याला आठवत नाही, म्हणून तो समज टिकतो. वास्तविक बोलणे मूल घरात ऐकून उचलते. वाचणे त्याला कोणीतरी शिकवावेच लागते. आणि आपली देवनागरी, तिला आपण कितीही शास्त्रशुद्ध म्हटले तरी, सात-आठ वर्षांच्या मुलाला तशी सोपी नसते. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी लिहिली जाते आणि उच्चारली जाते नंतर. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ दिसतात एक, ऐकू येतात दोन. आणि ‘र’ या एका वर्णाचे वेष तर पाहा : ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर चढतो, ‘प्रकाश’मध्ये पोटात शिरतो, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी बसतो आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी वेगळेच रूप घेतो. मोठ्यांच्या डोळ्यांना हे जाणवतही नाही. मुलाला मात्र प्रत्येक वळणावर थांबून विचार करावा लागतो.

शेजारच्या मुलाला मी त्या संध्याकाळी जवळ बसविले. वडिलांना चहा दिला आणि थोडा वेळ गप्प राहण्याची विनंती केली. मुलापुढे त्याने पूर्वी न पाहिलेला एक सोपा उतारा ठेवला. पहिल्या दोन ओळी त्याने संथपणे, पण बरोबर वाचल्या. मग ‘सूर्य’चे ‘सूय’ झाले, ‘प्रकाश’चे ‘पकाश’ झाले, ‘गर्दी’ची ‘गदी’ झाली. प्रत्येक चुकीनंतर तो वडिलांकडे पाही आणि पुढचा सोपा शब्दही मग चुके. उतारा संपला तेव्हा मी माझ्यासाठी कागदावर सात शब्द लिहून घेतले होते. सातांपैकी सहांत ‘र’ होता. म्हणजे तिसरीतला हा मुलगा ‘मराठीत कच्चा’ नव्हता. ‘र’ची वेषांतरे त्याला कोणी नीट दाखविली नव्हती, आणि त्या एका गाठीपाशी अडखळता अडखळता त्याला वाचनाचीच धास्ती बसली होती.

सगळ्याच मुलांची गाठ इतकी लवकर सापडते, असे मी म्हणणार नाही. पण शोधल्याशिवाय ती सापडत नाही, हे निश्चित. आणि तिसरीच्या उंबरठ्यावर ती शोधणे अगत्याचे आहे. याचे कारण असे की पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल वाचायला शिकते, आणि त्यानंतर त्याला वाचून शिकावे लागते. तिसरीत परिसर अभ्यासाचे पुस्तक हाती येते. गणितात शाब्दिक उदाहरणे वाढतात. ज्याला उदाहरण वाचता येत नाही, त्याला बेरीज-वजाबाकी येत असूनही ते सोडविता येत नाही. मग एका विषयातला ‘क’ हळूहळू सगळ्या विषयांत पसरतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली हाच प्रकार मांडला : ज्याला चांगले वाचता येते तो अधिक वाचतो आणि अधिक चांगला वाचक होतो, ज्याला येत नाही तो वाचन टाळतो आणि आणखी मागे पडतो. सावकारी व्याजासारखेच हे आहे. मुद्दल लहान असतानाच फेडलेले बरे.

हा एका घराचा प्रश्न नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत २०२४ साली तिसरीतील सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे चार मुलांपैकी जवळजवळ तीन मुले मागे आहेत. एवढी मुले ‘ढ’ असतील, असे कोणता सुज्ञ माणूस म्हणेल? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावे, असे त्याचे उद्दिष्ट ठरले. उद्दिष्टे कागदावर सुबक दिसतात. ती गाठावी लागतात वर्गात.

आणि वर्गात शिक्षक एकटा असतो. कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले आहेत. म्हणजे खेड्यापाड्यांतील कितीतरी शाळांत एका शिक्षकाने एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळावयाच्या, शिवाय पोषण आहाराचा हिशेब, माहितीचे तक्ते आणि निवडणुकीची कामे करावयाची. अशा शिक्षकाने ‘सराव आवश्यक’ एवढेच लिहिले तर त्याला दोष देताना हात अडखळतो. तरीही व्यवसायबंधूंना एक विनंती करावीशी वाटते. ‘वाचनात अडखळतो’ याऐवजी ‘जोडाक्षरांत अडखळतो’ किंवा ‘वाचतो, पण अर्थ सांगता येत नाही’ असे लिहावे. दोनच शब्द अधिक लागतील. पण पालकाला काय करावयाचे ते त्यातून कळेल.

पालकांनी काय करावे? शिकवणी लावण्यापूर्वी आठवडाभर रोज पंधरा मिनिटे मुलाशेजारी बसावे. समोर नव्हे, शेजारी. समोर परीक्षक बसतो. आधी आपण एक परिच्छेद वाचून दाखवावा, मग त्याने वाचावा. शब्द अडला तर लगेच तोंडातून काढून घेऊ नये. थोडे थांबावे, मग सांगावा. तोच उतारा दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून घ्यावा, म्हणजे काल अडलेले आज सुटल्याचा आनंद त्याला मिळतो. दुकानांच्या पाट्या, एस.टी.वरील गावांची नावे, वर्तमानपत्राचे मथळे हेही वाचनच आहे. ज्या आईबापांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनी हताश होऊ नये. मुलाने वाचावे आणि त्यांनी ऐकावे. ‘मग पुढे काय झाले?’ एवढे विचारण्यास अक्षरओळख लागत नाही. डोळे आणि कान एकदा तपासून घ्यावेत. आणि काही महिने धीराने प्रयत्न करूनही मूल पुढे सरकत नसेल तर तज्ज्ञाला दाखवावे. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यता दिली आहे. ती असणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे, आणि त्यात लपविण्यासारखेही काही नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून प्रथम बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना दूषणे दिली नाहीत. कुरणातच शाळा भरविली. मूल जेथे आहे तेथे शिक्षणाने जावे, हा त्यामागील विचार वाचनालाही लागू पडतो. मूल ‘र’पाशी थांबले असेल तर आपणही ‘र’पाशी गेले पाहिजे. पुढच्या धड्यावर उभे राहून तेथून हाका मारण्यात अर्थ नाही.

शेजारच्या मुलाची सुटी अशीच गेली. वडील कचेरीतून आल्यावर पंधरा मिनिटे त्याच्याजवळ बसू लागले. पहिले दोन दिवस ते चारदा ओरडले, असे मुलानेच मला येऊन सांगितले. तिसऱ्या दिवशी एकदाच. सुटी संपता संपता तो एकदा जिन्यात भेटला आणि आमच्या दारावरची पाटी त्याने मोठ्याने, न विचारता, वाचून दाखविली. पुढच्या सत्रात त्याची श्रेणी काय येईल, हे मला ठाऊक नाही. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही झाली आहे. त्या घरात ‘ढ’ हा शब्द मात्र त्यानंतर माझ्या कानांवर आला नाही. तूर्त एवढे झाले तरी पुष्कळ झाले.