जुन्या यंत्रास नवा कारभारी

१९३८ साली अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे प्रथम घडलेल्या ‘ब्रिजपोर्ट’ मिलिंग मशीनचा बिडाचा देह पुष्कळदा आजही शाबूत असतो. आणि म्हणूनच, असे हाताने चाके फिरवून चालणारे यंत्र भंगारात लोटण्याऐवजी, अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेत उगम पावलेल्या व पुढे लिनक्ससीएनसी या नावाने सर्वांस खुल्या झालेल्या आज्ञावलीकडे त्याचा कारभार सोपविण्याची तजवीज हौशी कारागीर करतात. ही आज्ञावली सामान्यतः दर सहस्रांश सेकंदाला एन्कोडरकडून टेबलाच्या स्थानाचा जबाब घेऊन सर्वो मोटरला नवा हुकूम सोडते. मात्र झिजलेल्या लीडस्क्रूतील ढिलाई, म्हणजे दिशा पालटताच टेबल हलण्यापूर्वी वाया जाणारा तो थोडासा फेरा, निव्वळ गणिताने पुरती मिटत नाही (गणिताचे भक्त खुशाल रागावोत!), तेथे बॉलस्क्रूच बसवावा लागतो, आणि त्यासाठी टेबल उतरवून आतले ओतकाम कोरण्याची पाळीही कित्येकदा येते.