अहमदाबादच्या विमानाचे फ्लॅप खरंच उघडले नव्हते? पंखातली ही यंत्रणा चालते कशी

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेलं एअर इंडियाचं बोइंग 787 उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळलं. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19, अशा 260 जणांचा जीव गेला. त्यानंतर मोबाइलवर अस्पष्ट व्हिडिओ फिरू लागले आणि त्यांच्यासोबत एक ठाम दावाही: 'पायलट फ्लॅप उघडायला विसरले.'

महिनाभरानं विमान अपघात तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल आला. ढिगाऱ्यात फ्लॅपचा दांडा 5 अंशांच्या जागी घट्ट बसलेला सापडला होता. उड्डाणाच्या वेळी तो तिथेच असणं अपेक्षित असतं. अहवालातली महत्त्वाची नोंद वेगळीच होती. जमीन सोडल्यावर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच, साधारण एका सेकंदाच्या अंतरानं, 'बंद' स्थितीत गेले होते. ते कसं घडलं, याचं उत्तर त्या अहवालात नव्हतं. पण फ्लॅपची गोष्ट तिथेच निकालात निघाली. मृत वैमानिकांवर तोवर पुष्कळ चिखल उडवून झाला होता.

मग हे फ्लॅप असतात काय?

पंखाच्या मागच्या कडेला जे पत्रे खाली आणि मागे सरकतात ते फ्लॅप. पुढच्या कडेला सरकतात ते स्लॅट. विमानाला उचलून धरणारं बल वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. वेग एकतृतीयांश झाला, तर तोच पंख तितक्याच कोनात बलाचा फक्त नववा हिस्सा देतो. आकाशात ताशी 800 किलोमीटरनं जाणाऱ्या विमानाला धावपट्टीवर मात्र 250 च्या आसपास उतरायचं असतं. म्हणून पंखच मोठा आणि जास्त वाकडा करतात. स्लॅट पुढे सरकला की अनेकदा मध्ये एक फट पडते. तिच्यातून आलेली जोरकस हवा पंखाच्या वरच्या अंगाला चिकटून वाहते आणि पंख लवकर दगा देत नाही.

उड्डाणाला फ्लॅप थोडेसेच लागतात, कारण जास्त उघडले तर हवेचा अडथळा वाढतो. अंधूक व्हिडिओत 5 अंशांचे फ्लॅप 'बंद' वाटले, त्यात नवल नाही.

ट्रॅक्टरमागचा शाफ्ट आणि पंखातला शाफ्ट

परभणी जिल्ह्याला प्रवासी विमानसेवेसाठी जवळचा विमानतळ नांदेडचा, सुमारे 75 किलोमीटरवर. 2024 मध्ये तिथून स्टार एअरची एम्ब्रेअर ई-175 विमानं उडू लागली. उतरण्याआधी पंखाजवळ बसलेल्याला घरघर ऐकू येते, ती बरेचदा याच यंत्रणेची. ती समजायला विमानशास्त्राची पदवी लागत नाही. जिंतूर-मानवतच्या शिवारात ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर चालताना पाहिलेल्याला निम्मी गोष्ट आधीच कळलेली असते.

ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट इंजिनाची फिरकी मागच्या अवजारापर्यंत नेतो आणि मध्ये क्रॉसचे जॉइंट असल्यानं तिरकाही फिरतो. विमानातही पोटाजवळ एक मुख्य गिअरबॉक्स असतो आणि त्याला बहुधा दोन मोटरी. एअरबस ए320 मध्ये त्या तेलाच्या दाबावर चालतात, ई-175 मध्ये विजेवर. गिअरबॉक्समधून डाव्या-उजव्या पंखात लांब पोकळ शाफ्ट जातात. पंख वळतो तिथे जॉइंट किंवा छोटे गिअरबॉक्स बसवलेले असतात. शाफ्ट फिरतो तेव्हा त्याच्यावर जागोजागी जोडलेले स्क्रू एकाच वेळी फिरतात आणि त्यांच्यावरचे नट फ्लॅपला ढकलतात. गाडीचा स्क्रू जॅक असाच चालतो.

सगळीच विमानं अशी नसतात, हेही खरं. बोइंग 737 चे फ्लॅप शाफ्ट-स्क्रूवर चालतात, पण स्लॅटना वेगवेगळे तेलाचे सिलिंडर असतात.

स्क्रूच्या आट्यांमध्ये पुष्कळदा पोलादी गोळ्या घातलेल्या असतात. त्यामुळे घर्षण कमी होतं, मोटरीला कष्ट कमी पडतात. पण याची एक किंमत आहे. साधा स्क्रू जॅक गाडीच्या वजनानं आपोआप खाली येत नाही. गोळ्यांचा स्क्रू मात्र हवेच्या दाबानं उलटा फिरू शकतो. म्हणून त्याला ब्रेक लागतात.

असं धरून ठेवणारं काही नसेल तर काय होतं, ते 25 मे 1979 ला शिकागोत दिसलं. अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-10 चं डावं इंजिन उड्डाणाच्या वेळी निखळलं आणि जाताना तेलाच्या नळ्या तोडून गेलं. त्या बाजूचे बाहेरचे स्लॅट तेलाच्या दाबावरच बाहेर राहिले होते. हवेनं ते आत ढकलले. उजवा पंख उचलत राहिला, डावा ढासळला, विमान कलंडलं. विमानातले 271 आणि जमिनीवरचे दोघे दगावले.

एक शाफ्ट दोन्ही पंखांत जातो तो याच भीतीपोटी: डावं आणि उजवं सारखंच हलावं. तरीही शाफ्ट तुटू शकतो. म्हणून शाफ्टच्या टोकांजवळचे सेन्सर तो किती फिरला हे मोजत राहतात. दोन बाजूंत फरक पडला की संगणक टोकांजवळचे ब्रेक आवळतो आणि फ्लॅप आहेत तिथेच अडकतात. ए320 मध्ये हे ब्रेक लागले की हवेत असताना सोडताच येत नाहीत. विचित्र वाटेल, पण अर्धवट आणि सारखे उघडलेले फ्लॅप हे वेडेवाकडे उघडलेल्यांपेक्षा केव्हाही बरे.

विसरणं मात्र खरंच घडलेलं आहे. 20 ऑगस्ट 2008 ला माद्रिदमध्ये स्पॅनएअरचं विमान फ्लॅप-स्लॅट न उघडता निघालं, इशारा देणारा भोंगाही वाजला नाही आणि 154 जण मरण पावले.

फ्लॅप हवेतच अडकले तर विमान पडत नाही. पायलट वेग जास्त ठेवून उतरतात, त्यासाठी धावपट्टी लांब लागते. नांदेडची सुमारे 2300 मीटर आहे, हैदराबादची 4260. अशा वेळी नांदेडचं विमान हैदराबादकडे वळलं, तर परभणीच्या प्रवाशाला घरी पोचायला उशीर होईल, एवढंच.